सहा व्होल्टची शेवरले बारा व्होल्टवर नेताना

आमच्या घरी १९४७ सालची शेवरले फ्लीटमास्टर आहे आणि ती चालती गाडी आहे. दसऱ्याला तिची पूजा होते, घरच्या लग्नकार्यात ती पुढे असते, हिवाळ्यातील रविवारी ती गंगापूर धरणापर्यंत किंवा त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येते आणि अधूनमधून कसारा घाट उतरून मुंबईलाही जाते. तिच्या सहा सिलिंडरच्या, साडेतीन लिटरच्या इंजिनाने आम्हांला कधी फारसा त्रास दिलेला नाही. त्रास होता तो विजेचा. डिसेंबर-जानेवारीत, निफाडच्या पाऱ्याची बातमी रोज वर्तमानपत्रात येते त्या दिवसांत, सकाळी इंजिनातील ऑइल घट्ट झालेले असे आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी विजेची मोटार) इतका जड फिरे की ठिणगीसाठी बॅटरीत काही उरेल की नाही याची शंका यावी. पावसाळ्यात घाटात ट्रकांची रांग लागली की इंजिन मंद गतीवर राही, डायनामो (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) काहीच देत नसे आणि दोन्ही हेडलाइट एकट्या बॅटरीवर जळत हळूहळू पिवळे पडत. ही गाडी मूळची सहा व्होल्टची. ती बारा व्होल्टवर नेण्याचे काम आता पूर्ण झाले आहे आणि त्यात कोणता भाग का बदलला, कोणता का ठेवला, हे येथे सविस्तर लिहीत आहे. कारण अशा गाड्या सांभाळणारी घरे नाशिक परिसरात बरीच आहेत आणि त्यांच्यापुढेही हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

सहा व्होल्ट हा त्या काळाच्या गरजेला साजेसा आकडा होता. शिसे-आम्ल बॅटरीचा एक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. तीन सेल जोडले की ६.३ आणि सहा जोडले की १२.६ व्होल्ट मिळतात. कमी कॉम्प्रेशनचे इंजिन फिरवायला आणि मोजके दिवे पेटवायला तीन सेल पुरत असत. १९१२ च्या कॅडिलॅकवर विजेचा सेल्फ आला तेव्हा तो २४ व्होल्टवर चाले आणि दिवे ६ व्होल्टवर. पण दोन व्यवस्था एका गाडीत नांदवणे गुंतागुंतीचे असल्याने पुढे अमेरिकेत सगळीकडे सहा व्होल्टच रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त कॉम्प्रेशनची व्ही-८ इंजिने आली, त्यांना फिरवायला मोठी ताकद आणि वेगाने पेटवायला जोरदार ठिणगी लागू लागली, तेव्हा हे गणित बदलले. १९५३ मध्ये कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल बारा व्होल्टवर गेल्या, शेवरले १९५५ मध्ये, फोर्ड आणि क्रायस्लर १९५६ मध्ये. फोक्सवॅगन बीटल मात्र १९६७ च्या मॉडेलपर्यंत थांबली. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद झाला. म्हणजे आपल्याकडे जुळलेल्या शेवरले सहा व्होल्टच्याच काळातल्या आहेत. याउलट ब्रिटिश वंशाची ॲम्बॅसडर पहिल्यापासून बारा व्होल्टची होती, त्यामुळे आपल्या गॅरेजांना बारा व्होल्टचा सराव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि सहा व्होल्टची गाडी आली की नवा मुलगा मीटर हातात धरून थबकतो.

आता मूळ मुद्दा. व्होल्टेज वाढवले म्हणजे दिव्यात जास्त वीज भरली, असा समज सर्रास आढळतो. तसे नाही. आमच्या गाडीचे दोन हेडलाइट मिळून सुमारे ९० वॉट घेत. सहा व्होल्टवर त्यासाठी तारेतून १५ अँपिअर वाहावे लागतात. बारा व्होल्टवर त्याच ९० वॉटसाठी साडेसात अँपिअर पुरतात. वीज तेवढीच, प्रवाह निम्मा. तारेत आणि जोडांत वाया जाणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, प्रवाहाच्या प्रमाणात असतो, म्हणून तोही निम्मा होतो. आणि हे निम्मे नुकसान दुप्पट दाबातून वजा होत असल्याने टक्केवारीत ते चौथ्या हिश्श्यावर येते. द्राक्षबागेत ठिबकची लांब नळी कमी दाबावर चालवली की शेवटच्या वेलीपाशी थेंब रेंगाळतात, तशीच या व्यवस्थेची अवस्था असते: बॅटरीपाशी सगळे ठीक दिसते आणि टोकाच्या दिव्यापाशी काही पोचत नाही. दिव्याच्या बाबतीत हे अधिकच जाचक आहे, कारण फिलॅमेंटच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताने बदलतो. दाब थोडा घसरला तरी प्रकाश पुष्कळ घसरतो. मोटार उद्योगात आज ४८ व्होल्टकडे जाण्याचा जो प्रयत्न दिसतो, त्यामागेही हेच कारण आहे. प्रवाह कमी झाला की तांबे कमी लागते आणि उष्णता कमी होते.

हे गणित मला पटलेले होते, पण आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन लगेच हात घालायला तयार नव्हते. द्वारकेच्या बाजूला त्यांचे छोटे दुकान आहे, सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, आणि डायनामो आणि त्याला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट यांच्या काळापासून त्यांनी हे काम केलेले आहे. ते म्हणाले, “भाऊ, अर्थिंग सडकं ठेवून बारा व्होल्ट टाकले, तर तेही निम्मेच पोचतील. आधी हे सहा तर पूर्ण पोचू द्या.” अर्थिंग म्हणजे प्रवाहाची चासी-बॉडीतून बॅटरीकडे परतण्याची वाट. मला हे म्हणणे अतिशय योग्य वाटले आणि आजही वाटते. व्होल्टेज बदलण्याआधी प्रत्येकाने ही तपासणी करावी, असा माझा आग्रह आहे, कारण अनेक गाड्यांत दोष सहा व्होल्टचा नसतो, सत्तर वर्षांच्या गंजाचा असतो.

तपासणी अगदी साधी आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवायची, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर उघड्या धातूला टेकवायची आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचे. आदर्श स्थितीत मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवे. सहा व्होल्टच्या गाडीत पाव व्होल्टहून जास्त दिसले तर वाटेत कुठेतरी रोध आहे. आमच्या गाडीत काटा त्याच्या बराच पुढे गेला. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्याने त्याचा चासीशी विजेचा संबंध फक्त एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून येतो. ती पट्टी मिस्त्रींनी खाली उतरून काढली, तेव्हा वरून ती शाबूत दिसत होती. पण बोटांत धरून वाकवताच तिच्या आतून हिरवी भुकटी गळू लागली आणि विणीचे बारीक तुकडे हातात आले. जिथे ती चासीला बोल्टने आवळली होती, तिथे बोल्टाखाली जुन्या रंगाचा थर होता आणि प्रवाह केवळ बोल्टाच्या आट्यांतून वाट काढत होता. त्यांनी ती जागा पॉलिश पेपरने घासून रुपयाएवढा पांढरा धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला, नवी पट्टी आवळली आणि वरून व्हॅसलीन लावले. हेडलाइट ज्या पत्र्याच्या वाटीत बसतो त्या बाल्टीपासून बॉडीपर्यंतचे अर्थिंगही असेच नव्याने केले.

सेल्फची केबल तेव्हाच बदलली. कोणीतरी पूर्वी तिथे आजच्या छोट्या गाड्यांना लागते तेवढ्या जाडीची, २५ चौरस मिलिमीटरची केबल घातली होती. सहा व्होल्टच्या सेल्फला ती अपुरी आहे. अशा गाडीला किमान ५० आणि शक्यतो ७० चौरस मिलिमीटरची केबल हवी. सेल्फ तीनशे अँपिअर ओढत असेल, तर २५ च्या दोन मीटर केबलमध्ये सुमारे ०.४ व्होल्ट जातात आणि ७० च्या केबलमध्ये ०.१५. आकडे लहान दिसतात, पण हातात एकूण सहाच व्होल्ट असताना आणि शिवाय प्रत्येक लगचा व खांबाचा रोध वेगळा असताना ते लहान राहत नाहीत.

या दुरुस्तीचा परिणाम मोजण्यासारखा होता. आधी बॅटरीवर ६.३ व्होल्ट असताना हेडलाइटच्या सॉकेटवर ५.२ मिळत होते. वरच्या हिशेबाने हा जेमतेम निम्मा प्रकाश झाला. अर्थिंग आणि तारा सुधारल्यावर सॉकेटवर ५.८ मिळू लागले, म्हणजे प्रकाश पाऊण झाला. सेल्फही मोकळा फिरू लागला. ज्यांची गाडी फक्त दिवसा, थोड्या अंतरावर आणि मेळाव्यापुरती चालते, त्यांनी येथेच थांबावे असे मी मनापासून सांगेन. चांगल्या केबलांची, स्वच्छ अर्थिंगची सहा व्होल्टची गाडी समाधानकारक चालते आणि तिचे मूळपण अबाधित राहते.

आमची गरज त्याहून वेगळी होती. घाटात मंद गतीवर चार्जिंग न मिळण्याचा दोष केबल बदलून जात नाही, तो डायनामोच्या स्वभावातच आहे. दुसरे म्हणजे चारचाकीला पुरेल अशी मोठी सहा व्होल्टची बॅटरी दरवेळी सांगून मागवावी लागते, तर बारा व्होल्टची बॅटरी रात्री इगतपुरीलाही मिळू शकते. तिसरे कारण हेडलाइटचे, त्याकडे पुढे येतोच. या तीन कारणांमुळे आम्ही पुढे गेलो, पण एक अट घालून: गाडीचा एकही मूळ भाग कापायचा नाही, एकही नवे भोक पाडायचे नाही, आणि काढलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून जपायची, म्हणजे पुढच्या मालकाला एका आठवड्यात गाडी पुन्हा सहा व्होल्टवर नेता येईल. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात फेरफार न केलेल्या वाहनाला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी मिळते. आमची गाडी जुन्याच नोंदणीवर आहे. तरीही मूळ स्वरूप हा शब्द त्या नियमात आहे म्हणून नव्हे, तर गाडी हीच त्या काळची खरी नोंद आहे म्हणून तो पाळावा, असे मला वाटते.

चार्जिंगसाठी दोन वाटा होत्या. पहिली, मूळ डायनामोचे आर्मेचर (आतला फिरता भाग) बारा व्होल्टसाठी पुन्हा गुंडाळून घेण्याची: वेढे दुप्पट, तारेचा छेद निम्मा, आणि फील्ड कॉइलचा (चुंबकत्व देणाऱ्या वेटोळ्याचा) रोध चौपट. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्या शहरात मोटार वाइंडिंगचे कसबी कारागीर आहेत आणि हे काम ते उत्तम करू शकतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही बदललेले कळणार नाही, हा या वाटेचा मोठा गुण. ज्यांना बॉनेटखालचे रूप जसेच्या तसे हवे, त्यांनी हीच निवडावी; फक्त लक्षात ठेवावे की अमेरिकन डेल्को-रेमी डायनामोचे फील्ड रेग्युलेटरमधून (चार्जिंगचा दाब आवरणाऱ्या भागातून) अर्थ होते, तर आपल्याकडे सहज मिळणारा लुकास पद्धतीचा रेग्युलेटर फील्डला वरून पुरवठा करतो. दोन्ही पद्धती उलट आहेत. फील्डची अंतर्गत जोडणी बदलल्याशिवाय एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लावू नये. मात्र गुंडाळून घेतला तरी तो डायनामोच राहतो आणि मंद गतीवर तो कटआउट ओढण्याइतकाही दाब तयार करत नाही.

म्हणून आम्ही दुसरी वाट घेतली आणि मारुती ८०० चा छोटा अल्टरनेटर, म्हणजे मंद गतीवरही चार्ज देणारे नव्या पद्धतीचे जनित्र, बसवला. त्याचा रेग्युलेटर पोटातच असतो, आकार लहान असतो आणि सुटे भाग कुठेही मिळतात. अडचण पुलीची होती. शेवरलेचा फॅन बेल्ट जुन्या पद्धतीचा, रुंद. अल्टरनेटरच्या मूळ पुलीची खाच अरुंद. रुंद बेल्ट अरुंद खाचेवर बसवला तर तो वरच्या कडांवर घासत राहतो, घसरतो आणि तासाभरात तापतो. अंबडमधल्या एका लेथवर नवी पुली करून घेतली. टर्नरने आधी बेल्टचा तुकडा कापून त्याचा कोन मोजला, मग खाच कापली आणि बेल्ट तळाला न टेकता दोन्ही बाजूंवर घट्ट बसतो याची खात्री करूनच पुली सोडली. पुलीचा व्यासही विचारपूर्वक ठरवावा लागतो. हे इंजिन रिकाम्या गतीवर मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते आणि अल्टरनेटरला उपयोगी प्रवाह देण्यासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट गती हवी असते. उलट या इंजिनाची पूर्ण ताकद ३,३०० फेऱ्यांवरच मिळते, त्यामुळे पुली लहान केली तरी वरच्या टोकाला अल्टरनेटर अतिवेगाने फिरण्याची भीती उरत नाही. डायनामो ज्या ब्रॅकेटवर होता त्याच बोल्टांवर एक जोडब्रॅकेट बसवली, आणि पाण्याचा पंपही याच बेल्टवर असल्याने तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत हे सरळ पट्टी लावून तपासले.

येथे एक गोष्ट हमखास सुटते, ती सांगतो. अशा अल्टरनेटरला सुरुवातीला फील्डमध्ये थोडा प्रवाह बाहेरून लागतो आणि तो डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून येतो. शेवरलेच्या डॅशवर असा दिवा नाही, तिथे अँमीटर आहे. दिवा नसेल तर इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर स्वस्थ बसतो, एकदा जोरात रेस दिल्यावरच जागा होतो आणि मालक समजतो की रेग्युलेटर गेला. डॅशच्या खालच्या कडेआड, मूळ पत्र्याला धक्का न लावता, एक लहानसा तीन वॉटचा दिवा क्लिपने बसवला की हा प्रश्न मिटतो.

अँमीटर प्रवाह मोजतो, व्होल्टेजशी त्याला देणेघेणे नाही, त्यामुळे तो बारा व्होल्टवरही खरे दाखवतो. पण बॅटरी उतरलेली असताना अल्टरनेटर त्याच्या पट्टीबाहेरचा प्रवाह ढकलू शकतो आणि तो सगळा डॅशमागच्या जुन्या तारेतून नेणे मला धोक्याचे वाटते. आम्ही अल्टरनेटरची मुख्य तार १० चौरस मिलिमीटरची घेऊन, मध्ये फ्यूज ठेवून, थेट बॅटरीकडे नेली. त्यामुळे अँमीटर आता फक्त गाडीचा खर्च दाखवतो; चार्जिंग पाहण्यासाठी लाल दिव्याशेजारी छोटा व्होल्टमीटर आहे.

ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलचा हिशेब ओहममध्ये, म्हणजे रोधाच्या मापात, करावा, डब्यावरच्या चित्रावरून करू नये. पॉइंटमधून (कॉइलच्या प्रवाहाची उघडझाप करणाऱ्या संपर्कातून) साधारण चार अँपिअरहून जास्त प्रवाह जाऊ लागला की ते लवकर जळतात. बारा व्होल्टला तीन ओहम असले की चार अँपिअर होतात. हे तीन ओहम कॉइलच्या आतच असोत किंवा दीड ओहमची कॉइल आणि दीड ओहमचा बॅलास्ट (बाहेर जोडलेला रोधक) असे विभागलेले असोत, पॉइंटला फरक पडत नाही. बाजारात दोन्ही प्रकार एकसारखे दिसतात, म्हणून विकत घेतानाच मीटर लावून रोध पाहावा. आम्ही तीन ओहमची साधी कॉइल लावली. डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट आणि कंडेन्सर मूळचेच ठेवले. त्यांना बदलाची गरज नसते.

सेल्फबद्दल जाणकारांत मतभेद आहेत आणि मी माझे मत ठामपणे मांडतो: या गाडीचा सहा व्होल्टचा सेल्फ बारा व्होल्टवर तसाच चालवावा. तो जास्त वेगाने फिरतो, इंजिन लवकर पेटते आणि त्यामुळे त्याला काम करावे लागते तो काळ उलट कमी होतो. धोका असतो तो दात्यांना. ज्या गाड्यांत बेंडिक्स पद्धतीचा सेल्फ आहे, त्यांत मोटार आधी फिरते आणि पिनियन (सेल्फचे छोटे दातेरी चाक) फेकली जाऊन फ्लायव्हीलच्या दात्यांवर आदळते. तिथे दुप्पट व्होल्टेजचा दणका दाते तोडू शकतो. शेवरलेची रचना वेगळी आहे. येथे सेल्फ पायाने दाबायचा असतो. पेडल आधी पिनियन दात्यांत सरकवते आणि शेवटच्या टप्प्यात विजेचा संपर्क जोडते. दाते एकमेकांत बसल्यावरच वीज येत असल्याने आघात फारच कमी होतो. पेडल मात्र अर्धवट दाबू नये, आणि पाच सेकंदांत इंजिन सुरू झाले नाही तर पाय काढून अर्धा मिनिट थांबावे, कारण ही वेटोळी सहा व्होल्टची आहेत आणि ती तापायला वेळ लागत नाही.

दिव्यांचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत सुखद ठरले. गाडीला सात इंची सीलबंद हेडलाइट होते आणि हा आकार आपल्याकडे बुलेट, जीप, ॲम्बॅसडर अशा कितीतरी वाहनांवर असल्याने त्यात बसणारे एच-४ बल्बचे काच-परावर्तक सहज मिळतात. साठ-पंचावन्न वॉटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर ओढतात. तो प्रवाह मूळ स्विचमधून न नेता दोन रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) लावून थेट बॅटरीकडून घेतला. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो आणि त्याच्या संपर्कांवर जवळजवळ काहीच भार उरलेला नाही. मागचे व बाजूचे दिवे बदलणे म्हणजे केवळ बल्ब बदलणे. एकवीस-पाच वॉटचा दोन फिलॅमेंटचा बारा व्होल्टचा बल्ब त्याच सॉकेटमध्ये बसतो. गाडीत मुळात फ्यूज मोजके होते, म्हणून प्रत्येक विद्युत मंडळाला (सर्किटला) स्वतंत्र फ्यूज दिला. कापसाच्या वेष्टणातील जुन्या रबरी तारांना बारा व्होल्टची भीती नसते. तुकडे पडत चाललेले रबर आणि मध्ये नसलेला फ्यूज, या जोडीची भीती असते.

पेट्रोलच्या काट्याकडे मी मुद्दाम अधिक लक्ष दिले, कारण तो जळाला तर त्या रूपाचा दुसरा मिळवणे कठीण. या काट्यात दोन कॉइल असतात आणि काटा त्यांच्या प्रवाहाच्या गुणोत्तरावर ठरतो. त्यामुळे बारा व्होल्ट दिले तरी तो आकडा बरोबर दाखवतो, आणि इथेच माणूस फसतो. दाब दुप्पट झाला की कॉइलमधील उष्णता चौपट होते आणि बरोबर दाखवता दाखवताच तो आतून भाजत राहतो. आमचा काटा सहा व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर घेतो. त्याच्यासाठी ७८०६ ही तीन पायांची, बरोबर सहा व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप वापरली आणि ती ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर बसवली, कारण वरचे आठ व्होल्ट ती उष्णतेच्या रूपात टाकते व सुमारे दोन वॉट तापते. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे काही ज्ञान नसलेल्या माणसालाही मिस्त्री हे पाच मिनिटांत डाग देऊन करून देतील. इंजिनाच्या तापमानाचा आणि ऑइलच्या दाबाचा काटा या गाडीत यांत्रिक आहेत, त्यांना हात लावावा लागला नाही. वायपरही इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतात. घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की ते मंदावतात आणि हा दोष कितीही व्होल्ट दिले तरी जाणार नाही.

हॉर्न दोन आहेत आणि सहा-सहाचे दोन हॉर्न एकापाठोपाठ जोडले की बारा होतील, अशी सूचना हमखास येते. ती चालत नाही. प्रत्येक हॉर्नच्या आत स्वतःचा उघडझाप करणारा संपर्क असतो आणि दोघांची लय जुळत नाही, म्हणून आवाज घोगरा आणि तुटक येतो. बारा व्होल्टचा हॉर्न ग्रिलमागे बसवला आणि मूळ जोडी जागच्या जागी, तारा काढून, तशीच ठेवली.

रेडिओ व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा, आहे आणि तो सहा व्होल्टवरच राहिला पाहिजे. जगभरच्या असंख्य व्हॉल्व्हची हीटर (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टची असतात, ती मोटारीच्या तीन सेलांच्या बॅटरीमुळेच. त्याच्यासाठी बारातून सहा करणारा पुरेशा क्षमतेचा डीसी कन्व्हर्टर लावला. बॅटरीच्या मधल्या सेलवरून सहा व्होल्ट ओढून घेण्याची जुनी युक्ती काही जण सुचवतात. ती टाळावी, कारण अर्धी बॅटरी जास्त उतरते, अर्धी जास्त चार्ज होते आणि वर्षभरात दोन्ही अर्ध्या निकामी होतात.

सगळे जोडून झाल्यावर मिस्त्रींनी बॅटरी थेट न लावता निगेटिव्ह तारेत एकवीस वॉटचा बल्ब घालून पाहिले. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि काही जळण्याआधी कळते. बल्ब पेटला नाही. आता इंजिन मंद गतीवर आणि दोन्ही हेडलाइट चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि हेडलाइटच्या सॉकेटवर १३.३ व्होल्ट मिळतात. पूर्वी याच स्थितीत अँमीटरचा काटा उणेच्या टोकाला जाऊन बसायचा. थंडीतल्या सकाळी सेल्फ पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यात इंजिन पकडतो. बदललेल्या जोडणीचा नकाशा तारांच्या रंगांसह कागदावर काढून, प्लास्टिकमध्ये बंद करून गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे, आणि मूळ डायनामो, रेग्युलेटर, कॉइल व सीलबंद दिवे घरी पेटीत आहेत.

नाशिक रोडच्या एका परिचितांकडे त्याच काळातली प्लिमथ आहे आणि तिचे काम आम्ही पुढे घेत आहोत. तिथे प्रश्न एका पायरीने अवघड आहे, कारण प्लिमथ-डॉजमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला असते. डायनामोला दिशा बदललेली चालते, अल्टरनेटरच्या डायोडना (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणाऱ्या भागांना) मुळीच चालत नाही. उलटी बॅटरी जोडली तर ते क्षणात जळतात. म्हणून त्या गाडीत आधी बॅटरीची दिशा बदलावी लागेल, अँमीटरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी न्याव्या लागतील आणि कॉइलची दोन्ही टोकेही अदलाबदल करावी लागतील, नाहीतर प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाऐवजी थंड बाजूकडून ठिणगी उडू लागेल आणि तिला जास्त दाब लागेल. शिवाय त्या गाडीच्या सेल्फची रचना उघडून पाहिल्याशिवाय त्याला बारा व्होल्ट द्यायचे नाहीत, असे मिस्त्रींनी आधीच बजावले आहे. पण हे सगळे नंतर. पहिल्या दिवशी फक्त मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ मारायचा.